डिलन ते विस्डम: मोंटानाच्या रँच-मुलुखात सायकलवरचा एक दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सायकलवरून अमेरिका आरपार करायचे मनसुबे पुण्या-नाशकात आता सर्रास ऐकू येतात. त्या हजारो किलोमीटरांच्या गप्पांत मोंटाना राज्याच्या नैऋत्येकडचा डिलन ते विस्डम हा टप्पा मात्र एका वाक्यात उरकला जातो: "तिथे काही नाही, नुसती कुरणं." माझ्या मते अख्ख्या वाटेवर इतका भरगच्च दिवस दुसरा नाही. दोन खिंडी, सोन्यापायी वसलेले आणि मग ओस पडलेले गाव, गवताच्या घराएवढ्या गंज्या आणि दिवसभर डोळ्यांसमोर चाललेले रँचचे काम. अट एकच, ही जमीन रिकामी आहे असे समजून जाऊ नका. पुढचे प्रश्न या एकाच दिवसाबद्दल आहेत.

हा टप्पा नेमका कुठे आहे आणि किती लांब आहे?

डिलन हे मोंटानाच्या बीव्हरहेड काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण. रेल्वे आली तेव्हा, १८८० साली वसलेले. गावाला युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष सिडनी डिलन यांचे नाव दिले आहे. गावाबाहेर दक्षिणेला थोडे अंतर गेले की राज्य महामार्ग २७८ लागतो आणि तोच शेवटपर्यंत सोबत राहतो. आधी पश्चिमेला, मग वायव्येला आणि वाटेतल्या जॅक्सन गावानंतर सरळ उत्तरेला विस्डमपर्यंत. एकूण अंतर सुमारे १०५ किमी. डिलन ते जॅक्सन साधारण ७७ आणि जॅक्सन ते विस्डम २९.

हा ट्रान्सअमेरिका ट्रेलचाच भाग ना?

हो. ओरेगनमधल्या अॅस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत जाणारा हा सुमारे ६,८०० किमीचा सायकलमार्ग. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली त्या १९७६ सालच्या उन्हाळ्यात 'बाइकसेंटेनियल' नावाने त्याची सुरुवात झाली आणि त्या एका मोसमात सुमारे चार हजार लोक त्यावर सायकल घेऊन उतरले. त्याच संस्थेचे पुढे अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन झाले. त्यांचे नकाशे घ्या, पैसे वसूल होतात. पाणी, दुकान, तंबूची जागा आणि चढउतार असे सगळे त्यांत दिलेले असते.

म्हणजे 'रॅम'सारखेच का?

नाही. रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत आहे. तिचा मार्ग वेगळा, मागे गाड्यांचा ताफा, झोप दोन-तीन तासांची. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून मराठी घरांत अमेरिका आणि सायकल म्हटले की रॅमच आठवते. त्या कर्तबगारीला तोड नाही. पण टूरिंगमध्ये सामान तुमच्याच सायकलवर असते, घड्याळ कोणी लावत नाही, आणि वाटेत थांबणे हा प्रवासाचाच भाग असतो. या टप्प्यावर तर थांबण्यातच सगळी मजा आहे.

आम्ही २०० किमीच्या ब्रेवे (ठरावीक वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या) करतो. १०५ किमी म्हणजे किरकोळच की?

अंतर किरकोळ आहे, दिवस नाही. डिलन गावच समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५५ मीटरवर आहे, म्हणजे सकाळी चहा पिताना तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर असता. तिथून पहिली खिंड बॅजर पास, सुमारे २,०६० मीटर. मग ग्रासहॉपर क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात उतरायचे, आणि मिळवलेली उंची घालवून पुन्हा बिग होल पासवर, सुमारे २,२४० मीटरपर्यंत चढायचे. एकूण चढाई हजार मीटरच्या आसपास. चढ आपल्या घाटांसारखे वळणावळणांचे आणि छातीवर येणारे नाहीत. ते लांब, सरळ आणि उघडे असतात. पुढचे पाच किलोमीटर एकाच नजरेत दिसतात, आणि घाटापेक्षा हेच मनाला जास्त दमवते.

त्यात पॅनिअरमधले (कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांमधले) १५-२० किलो वजन, कोरडी हवा आणि वारा. ब्रेवेला सरासरी २२-२३ पडत असेल, तर इथे १४-१५ धरून चाला. म्हणजे सात-आठ तास नुसते पायडल मारण्यात जाणार.

कोणत्या महिन्यात जावे?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनअखेरीस कुरणे हिरवीगार असतात आणि डोंगरांवर बर्फ टिकून असतो, पण डासही त्याच काळात. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला गवताची कापणी चालते. हा मुलूख काम करताना पाहायचा असेल तर मी हाच काळ सुचवेन. ऑगस्टच्या उत्तरार्धात वणव्यांचा धूर खोऱ्यात भरण्याची शक्यता असते. दमा असेल तर तो काळ टाळा.

बिग होल पासपलीकडचे बिग होल खोरे, ज्यात जॅक्सन आणि विस्डम येतात, थंडीसाठी कुप्रसिद्ध आहे. भर जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो आणि सकाळी तंबूवर दहिवर गोठलेले दिसू शकते. 'उन्हाळा आहे' म्हणून झोपायची उबदार पिशवी घरी ठेवू नका.

निघायचे किती वाजता? दिवस कसा जातो?

पहाटे. जूनअखेरीस तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे 'दिवसभर आहे की' असे वाटते. पण इथे घाई वाऱ्यामुळे करायची, उजेडामुळे नाही. वारा बहुधा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असतो आणि दुपारी जोर धरतो. तुमचा पहिला दोन-तृतीयांश रस्ता त्याच दिशेला जातो. सहाला निघालात तर वारा जागा होईपर्यंत बॅजर पास मागे पडलेली असते.

पहिले वीसेक किलोमीटर गवताळ सखल भागातून जातात, मग सेजब्रश सुरू होते. ही राखाडी-हिरवी, गुडघाभर उंचीची झुडपे. पाऊस पडून गेल्यावर त्यांचा जो कडवट सुवास सुटतो, तो आयुष्यभर लक्षात राहतो. सकाळी कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे मेडोलार्क गात बसलेले असतात. हा मोंटानाचा राज्यपक्षी. प्राँगहॉर्नही इथेच भेटतात. हे हरणासारखे दिसणारे प्राणी ताशी ८० किमीहून जास्त वेगाने धावतात, पण तारेवरून उडी मारायला नाखूश असतात आणि कुंपणाच्या खालून सरपटत जातात. मोटारींना सरावलेले हे प्राणी सायकलकडे मात्र मान उंचावून टक लावून बघतात. कधी कधी तुमच्या बाजूने धावू लागतात. अशा वेळी त्यांच्या मागे वेग वाढवू नका. कुंपणात अडकून ते जखमी होऊ शकतात.

बॅजर पासनंतरचा उतार मोकळा आहे, खाली ग्रासहॉपरचे खोरे. तिथे सावलीला झाड दिसले की दुपारचे जेवण उरकून घ्या, कारण पुढच्या चढावर सावली शोधून सापडत नाही. मग बिग होल पास. तिच्या माथ्यावर पोहोचलात की अख्ख्या दिवसाचे देणे एका नजरेत मिळते. समोर पश्चिमेला बीव्हरहेड डोंगरांची बर्फाळ भिंत. तीच खंडाची जलविभाजक रेषा आणि तिच्या पलीकडे आयडाहो राज्य. खाली सपाट, ओले, हिरवे खोरे, त्यात बिग होल नदीची नागमोड आणि दूरवर ठिपक्यांसारख्या गवताच्या गंज्या. इथे अर्धा तास राखून ठेवा. जॅकेट चढवा, काहीतरी खा, आणि मगच उतरा.

जॅक्सननंतर रस्ता उत्तरेला वळतो, नदीच्या उताराबरोबर किंचित खाली जातो, आणि सकाळपासून छळणारा नैऋत्येचा वारा आता पाठीशी येतो. ते शेवटचे २९ किलोमीटर चुटकीसरशी संपतात. संध्याकाळी पाचपर्यंत विस्डम गाठता येते.

दुपारी ढग काळवंडून आले तर मात्र हे वेळापत्रक विसरा. या माळावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे सायकलवर बसलेले तुम्ही. वीज कडाडू लागली की खिंडीचा माथा सोडा, खोलगट जागी उतरा, सायकलपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब थांबा.

वाटेत पाणी मिळते का?

मिळणार नाही असे धरूनच निघा. डिलन ते जॅक्सन या ७७ किमीत दुकान नाही. माणशी किमान चार लिटर, उन्हाचा दिवस असेल तर पाच. बॅनक या ओस पडलेल्या सोन्याच्या गावाकडे वळणार असाल तर तिथल्या उद्यानात भरून घेता येते, आधी फोन करून खात्री करा. जॅक्सन अगदी चिमुकले आहे. तिथली एखाद-दुसरी सोय कधी उघडी, कधी बंद. तिच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नका.

ओढे दिसतील, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसेल. पण वरच्या अंगाला शेकडो गुरे चरत असतात. गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय थेंबही पिऊ नका. जिआर्डिया या पोटातल्या परजीवीचा त्रास दोन-तीन आठवडे पिच्छा सोडत नाही.

शाकाहारी माणसाचे काय हाल होतात?

हाल होत नाहीत, पण तयारी लागते. या मुलुखाची चूल बीफवर चालते, आणि ते त्यांच्या कष्टाचे पीक आहे. खानावळीत "मी मांस खात नाही" एवढे साधेपणाने सांगितले की कोणी नाक मुरडत नाही. पॅनकेक, चीज सँडविच, तळलेले बटाटे, अंडी चालत असतील तर ऑम्लेट, आणि जेवणानंतर फळांचा 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), एवढे बहुतेक ठिकाणी मिळते. उकडलेले बीन्स मात्र विचारून घ्या, त्यात बेकन किंवा चरबी असण्याचा संभव असतो.

खरा भरवसा स्वतःच्या डब्यावर. डिलनला मोठे किराणा दुकान आहे. तिथून टॉर्टिया, पीनट बटर, केळी, चीज, खारे दाणे, झटपट भात घ्या. टॉर्टिया म्हणजे आपली पोळीच समजा. त्यात बटाट्याची सुकी भाजी किंवा शेंगदाण्याची चटणी गुंडाळली की सायकलवरचे उत्तम जेवण होते. चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे घरून नेणारे बरेच आहेत. अमेरिकेत उतरताना कस्टम्सला खाद्यपदार्थ आहेत हे प्रामाणिकपणे सांगा आणि ताजी फळे, बिया असले काही नेऊ नका.

रँच म्हणजे मोठा गोठाच ना? दिवसभर नुसती कुरणे बघायची?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांब आहे.

गोठा नाही. इथली गुरे, बहुतेक काळी अँगस किंवा तांबडी-पांढरी हेरफर्ड, वर्षभर उघड्यावर असतात. रँच म्हणजे जमीन, पाणी आणि गवत यांचे वर्षभराचे गणित. गाई फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, अजून बर्फ असताना वितात. मे-जूनमध्ये वासरांना डागून खूण केली जाते आणि लसी टोचल्या जातात. मग कळप वर डोंगरात चरायला जातात. त्यातली बरीचशी जमीन सरकारी असते. वनखाते किंवा भूव्यवस्थापन विभाग ठरावीक गुरांना ठरावीक महिन्यांपुरता चराईचा परवाना देतो. वनखात्याबाहेरच्या सरकारी जमिनीवर ही परवान्याची पद्धत १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यापासून रुळली. गुरे वर गेली की खालची कुरणे मोकळी होतात. त्यांना पाटाने पाणी देऊन गवत वाढवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. ऑक्टोबरात कळप खाली येतो, वासरे विकली जातात आणि उरलेल्या गाई हिवाळाभर ते साठवलेले गवत खातात.

ही हिवाळ्याची वैरण साठवण्याची रीत एका मोठ्या संकटाने पक्की केली. १८८० च्या दशकात मोंटानात मालक गुरे मोकळ्या माळावर सोडून देत, चारा कोणी साठवत नसे. १८८६-८७ चा हिवाळा इतका भयानक आला की माळावर लाखो गुरे मेली आणि कित्येक मालक बुडाले. तगले त्यांनी कुंपणे घातली, पाट काढले आणि गवत कापून ठेवायला सुरुवात केली. आज रस्त्याच्या कडेला जे हिरवे कुरण 'निसर्गसौंदर्य' म्हणून तुम्ही फोटोत घेता, ते माणसाने पाट काढून, पाणी देऊन राखलेले आहे. बिग होलच्या कुरणांत बांध फोडून पाणी वळवणारा रबरी बुटांतला माणूस दिसला तर थांबून बघा. फावडे खांद्यावर घेऊन पाण्याला वाट देणारा तो माणूस आपल्याकडच्या पाटकऱ्यापेक्षा वेगळा नाही.

एकदा हे कळले की दिवसाचे चित्र बदलते. एक हिरवा पट्टा दिसला की त्याचा पाट कुठून फुटला हे नजर शोधू लागते. रिकाम्या टेकडीकडे पाहून 'गुरे अजून वर आहेत' असे मनात येते. मोटारीतून जाणाऱ्याला हे दिसत नाही. सायकलच्या वेगाला दिसते.

कुरणात त्या लाकडी घसरगुंडीसारख्या उंच वस्तू कसल्या?

ते 'बीव्हरस्लाइड'. गवताची गंजी रचायचे यंत्र, याच खोऱ्यात १९०८ च्या सुमारास जन्मलेले आणि १९१० मध्ये पेटंट मिळालेले. घराच्या छपरासारखा तिरका, जवळपास तीस फूट उंच लाकडी सांगाडा. खाली जाळीच्या मोठ्या पाळण्यात सुटे गवत लोटायचे. दोरखंड ओढला की पाळणा तिरकाव्यावरून वर चढतो आणि माथ्यावरून गवत पलीकडे कोसळते. दोरखंड पूर्वी घोडे ओढत, नंतर ट्रॅक्टर आले. खाली दाबत दाबत पावाच्या आकाराची कित्येक टनांची गंजी तयार होते, आणि तिच्यात पाऊस-बर्फ मुरत नाही.

बिग होलला 'दहा हजार गंज्यांचे खोरे' म्हणतात ते यामुळे. बऱ्याच रँचवर आता यंत्राने गोल किंवा चौकोनी गठ्ठे बांधतात, तरी इथे काही ठिकाणी बीव्हरस्लाइड अजून वापरात आहेत. कापणीच्या दिवसांत एखादे चालू असताना दिसले तर पुढचे वेळापत्रक बाजूला ठेवा. ते बघण्यासाठी तासभर उशीर झाला तर मला तो उशीर वाटत नाही.

जेवायला कुंपण ओलांडून आत झाडाखाली बसले तर चालते?

नाही. मोंटानात खांबावर भडक नारिंगी रंग फासलेला असेल तर त्याचा कायदेशीर अर्थ 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. रंग नसला तरी ती कोणाची तरी कामाची जागा आहे. रस्त्याच्या कडेची पट्टी, पुलाजवळची सार्वजनिक जागा किंवा वनखात्याची पाटी असलेला भाग निवडा. नदीत मात्र पायाला पाणी लावायला हरकत नाही. १९८५ च्या कायद्यानुसार मोंटानातल्या नद्यांचे पात्र पाणी नेहमी जिथवर चढते त्या रेषेपर्यंत सर्वांना वापरता येते. फक्त तिथे पुलाजवळून किंवा सार्वजनिक वाटेने उतरायचे, कोणाच्या शेतातून नाही.

परवानगीने कुठे आत जायची वेळ आली तर फाटकाचा नियम लक्षात ठेवा: जसे होते तसेच ठेवा. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. दोन कळप मिसळले तर ते वेगळे करायला रँचवाल्याचा दिवस जातो.

रस्त्यावरच गुरे आली तर?

येतात. काही भागात रस्त्याला कुंपणच नसते. एकटी-दुकटी गाय असेल तर लांबूनच बोलायला लागा, साध्या आवाजात. गुरांना मोटारीची सवय असते, निःशब्द सायकलची नसते, ती दचकतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका.

घोड्यावरची माणसे कळप हाकत येत असतील तर सायकलवरून उतरा, कडेला उभे राहा आणि त्यांच्या खुणेची वाट पाहा. ते सांगतील कधी आणि कुठल्या बाजूने जायचे. ड्रोन उडवणे, ओरडणे, फोटोसाठी पुढे धावणे यातले काही करू नका.

रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या असतात त्या कशा ओलांडायच्या?

त्या कॅटल गार्ड. नळ्यांच्या फटींमुळे गुरे पलीकडे जात नाहीत, वाहने जातात. चाक काटकोनात ठेवा, हँडल सरळ, वेग मध्यम, ब्रेक लावायचा नाही. पाऊस पडलेला असेल तर उतरून चालत जा.

कुत्री मागे लागतात का? आणि अस्वले?

बॉर्डर कोली जातीची, गुरे हाकणारी कुत्री क्वचित रस्त्यापर्यंत धावत येतात. उतरून सायकल मधे धरली की बहुतेक शांत होतात. मेंढ्यांचा कळप असेल तर त्यात मोठे पांढरे राखणीचे कुत्रे असू शकते. कळपाला लांबून वळसा घाला.

अस्वले या भागात आहेत. काळी तर आहेतच, ग्रिझलींचा वावरही पसरतो आहे. अस्वलांसाठीचा फवारा डिलनलाच विकत घ्या, कारण तो विमानात हातातल्या आणि खालच्या दोन्ही सामानात बंदी आहे. तो पॅनिअरच्या तळाशी नको, हाताशी पाहिजे. रात्री अन्न, टूथपेस्ट, साबण, यातले काहीही तंबूत ठेवू नका.

डासांबद्दल ऐकले ते खरे का?

खरे. पाट सोडलेली ओली कुरणे म्हणजे त्यांचे माहेर. जून-जुलैत विस्डमला संध्याकाळी उघड्यावर बसणे कठीण. डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम, डोक्यावरची जाळी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा न्याच. चालत्या सायकलवर त्रास नाही, थांबलात की आहे.

बॅनकला वळण्यात अर्थ आहे का?

आहे. मुख्य रस्त्यापासून सहा-सात किलोमीटर आत. १८६२ च्या जुलैत ग्रासहॉपर क्रीकच्या वाळूत सोने सापडले आणि हे गाव उभे राहिले. १८६४ मध्ये मोंटाना टेरिटरीची (राज्य होण्याआधीच्या प्रदेशाची) पहिली राजधानी इथेच होती. गावचा शेरीफ हेन्री प्लमर हाच दरोडेखोरांचा म्होरक्या असल्याच्या आरोपावरून जानेवारी १८६४ मध्ये लोकांनी त्याला खटल्याशिवाय फासावर लटकवले. तो खरेच दोषी होता का, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. १८७५ मध्ये विटांची देखणी न्यायकचेरी बांधली आणि अवघ्या सहा वर्षांनी काउंटीचे ठाणे डिलनला गेले. ती कचेरी पुढे हॉटेल मीड झाली. आज पन्नासहून अधिक इमारती उभ्या आहेत, आणि बहुतेकांत आत जाता येते.

जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर वाढतात, वर बघायला दोन तास. एका दिवसात सगळे बसवण्यापेक्षा बॅनकलाच तंबू टाकून टप्पा दोन दिवसांत केला तर जास्त चांगला होतो असे मला वाटते.

रहदारी कशी असते?

थोडी. पण लक्षात ठेवा, चालायचे उजव्या बाजूने. थकल्यावर, थांबून पुन्हा निघताना, हात आपोआप डावीकडे वळतो. हँडलवर बाणाची चिकटपट्टी लावा. डाव्या बाजूला आरसा हवा. कापणीच्या दिवसांत गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेले ट्रक येतात. त्यांचा वारा सायकल हलवतो, तेव्हा हँडल घट्ट धरा. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, तुम्हीही हात करा.

सायकल आणि सामान कसे असावे?

३२ ते ४० मिमी टायर, चढासाठी खूप हलके गिअर, पक्के कॅरिअर. रस्ता डांबरी आहे. पश्चिम अमेरिकेच्या सखल कोरड्या भागांत ट्यूब फोडणारा 'गोटहेड' काटा भेटतो. तो म्हणजे आपला सराटाच, वनस्पती तीच. त्यामुळे ट्यूबमध्ये सीलंट आणि दोन जादा ट्यूब. वाटेत दुरुस्तीचे दुकान नाही. चेनचा जोडदुवा, स्पोक, ब्रेकचे पॅड जवळ हवेत आणि ते बसवता यायला हवेत. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या.

मोबाइल चालतो का? सॅटेलाइट मेसेंजर न्यावा का?

खिंडींच्या मधे मोबाइलचा बहुतेक पत्ता नसतो. नकाशे आधी उतरवून ठेवा, आणि डिलन सोडताना कोणाला तरी मुक्कामाची वेळ सांगा. सॅटेलाइट मेसेंजर तिथे उपयोगी आहे, पण भारतात परवान्याशिवाय असे उपकरण बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळांवर त्यावरून लोकांना अटक झाली आहे. अमेरिकेत विकत किंवा भाड्याने घ्या आणि तिथेच सोडून या.

जॅक्सनच्या गरम झऱ्यांबद्दल काय?

पश्चिम अमेरिका धुंडाळणाऱ्या लुइस आणि क्लार्क मोहिमेतला विल्यम क्लार्क ७ जुलै १८०६ रोजी परतीच्या वाटेवर इथे थांबला होता. पाणी इतके कढत होते की त्याच्या माणसांनी त्यात मांसाचे तुकडे शिजवून पाहिले. आंघोळीची सोय चालू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

विस्डमला मुक्काम कुठे?

गाव शंभराच्या आतबाहेर वस्तीचे. खाण्याच्या एक-दोन जागा, दुकान, पोस्ट. गावातल्या अमेरिकन लीजन पार्कमध्ये सायकलवाले तंबू लावत आले आहेत. गावात कोणालाही विचारा, सांगतील. दुकाने लवकर बंद होतात, म्हणून पोहोचल्याबरोबर आधी खरेदी, मग तंबू. नदीत गळ टाकायचा विचार असेल तर परवाना लागतो. शिवाय आर्क्टिक ग्रेलिंग नावाचा मासा अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत नदीत राहणारा असा मुख्यतः याच नदीत उरला आहे, हाती आला तर लगेच पाण्यात सोडायचा.

दुसऱ्या दिवशी पुढे काय?

विस्डमपासून पश्चिमेला सुमारे १६ किमीवर बिग होल राष्ट्रीय युद्धभूमी. ९ ऑगस्ट १८७७ च्या पहाटे कर्नल गिबनच्या सैन्याने इथे झोपलेल्या नेझ पर्स लोकांच्या तळावर हल्ला केला. हे लोक स्वतःला निमीपू म्हणवतात. आपली जमीन सोडायला लागल्यावर बायका-मुले आणि घोडे घेऊन ते निघाले होते. मेलेल्यांमध्ये बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त होती. वाचलेले पुढे गेले आणि ५ ऑक्टोबरला कॅनडाची सीमा सुमारे ६५ किमीवर राहिली असताना त्यांना शरण जावे लागले. ओढ्याकाठी तंबूंच्या काठ्यांचे सांगाडे उभे केले आहेत. आदल्या दिवशी ज्या कुरणांचे आपण कौतुक केले, ती कोणाची होती, हे इथे कळते. म्हणून हे ठिकाण वगळू नका. खाली उतरून पायवाटेने चाला आणि तिथे जेवायला बसू नका.

त्यानंतर चीफ जोसेफ पास, सुमारे २,२०० मीटर, आणि मग बिटररूट खोऱ्याचा लांबलचक उतार.

एकटीने जाणे सुरक्षित आहे का?

एकट्याने जाणाऱ्या बायका या मार्गावर दर उन्हाळ्यात भेटतात. इथला मुख्य धोका हवामान, पाण्याची टंचाई आणि लांब अंतर यांचा आहे. माणसे मदतीला थांबतात. तरी मुक्कामासाठी गाव किंवा अधिकृत तळ निवडा, आणि जुळले तर वॉर्मशॉवर्ससारख्या सायकलस्वारांच्या यजमान-जाळ्यातून आधी ओळख काढून ठेवा.

फक्त हा एकच टप्पा करायचा असेल तर पोहोचायचे कसे?

जवळचे विमानतळ ब्यूट, बोझमन आणि मिझुला. ब्यूट ते डिलन सुमारे १०५ किमी. सायकल खोक्यात घालून आणा आणि जोडायला एक पूर्ण दिवस डिलनमध्ये ठेवा. उंचीची, कोरड्या हवेची आणि उजव्या बाजूची सवय त्याच दिवशी होते. गावाभोवती वीस-तीस किलोमीटर फिरून घ्या. विस्डमहून परत डिलनला यायचे तर तोच रस्ता उलटा धरता येतो. मग जॅक्सनपर्यंत समोरचा वारा, पण बिग होल पासनंतर दुपारचा पश्चिमेचा वारा थेट डिलनपर्यंत पाठीशी.